प्रती वाटण्यापूर्वी मूळ प्रत

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता संकेतस्थळावर जाहीर होतो. २०२५ साली हा दिवस १३ मे हा होता, आणि परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांची संख्या पंधरा लाखांहून अधिक होती. विद्यार्थी एक असला तरी त्याचा निकाल पाहणारे अनेक असतात. तो स्वतः पाहतो, आईवडील पाहतात, परगावचा मामा पाहतो, शाळेतील वर्गशिक्षक पाहतात; आणि यांपैकी बहुतेकांना तो एक वाजून गेल्यावर पहिल्या काही मिनिटांतच पाहावयाचा असतो. भरतीच्या अर्जाची अखेरची तारीख, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विम्याची मुदत या प्रसंगीही असेच घडते. वर्षातील साडेतीनशे दिवस शांतपणे चालणाऱ्या संकेतस्थळावर एखाद्या दिवशी जत्रा लोटते.

शहरात घरी बसून काम करणाऱ्यास अशा वेळी पान उघडले नाही तर त्रास होतो, इतकेच. परंतु एका दिवसाची मजुरी सोडून, एसटीने तालुक्याच्या गावी येऊन सेवा केंद्राच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने न उघडलेले पान म्हणजे बुडालेला दिवस; आणि मुदत त्याच सायंकाळी संपत असेल, तर बुडालेला अर्ज होय.

या अडचणीवर हल्ली एक उपाय सर्रास सुचविला जातो. तो म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, अर्थात सीडीएन. मराठीत आपण त्याला वितरण जाळे म्हणू. उपाय चांगला आहे, यात शंका नाही. तथापि ‘जाळे घेतले की काम झाले’ अशी जी समजूत अनेक कार्यालयांत आढळते, ती बरोबर नाही. जाळे घेण्यापूर्वी आपल्या मूळ सर्व्हरची जी सिद्धता करावयाची असते, तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास हे जाळे चुका दुरुस्त करीत नाही. त्या चुकांच्याही प्रती काढून गावोगाव वाटते.

चावडीवरील प्रत

शासन निर्णय मंत्रालयातून निघतो. तो वाचण्यासाठी प्रत्येक नागरिकास मुंबईस यावे लागले असते, तर मंत्रालयाच्या दाराशी रांग लागली असती व अंबोलीच्या किंवा अहेरीच्या माणसापर्यंत तो कधीच पोहोचला नसता. म्हणून त्याच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालयास जातात, तहसिलीत जातात आणि अखेर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतात. वाचणारा जवळची प्रत वाचतो. मूळ निर्णय मात्र मंत्रालयातच राहतो.

वितरण जाळ्याचे काम नेमके असेच चालते. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, तो मूळ सर्व्हर. जाळे चालविणाऱ्या कंपनीची शेकडो वितरण केंद्रे निरनिराळ्या शहरांत असतात. एखाद्याने पान मागितले की ती मागणी जवळच्या केंद्राकडे जाते. केंद्राकडे प्रत असेल तर ते ती तत्काळ देते. नसेल तर मूळ सर्व्हरकडून मागवून घेते, मागणाऱ्यास देते व पुढच्या माणसासाठी स्वतःजवळ ठेवते. या साठवणीस तंत्रज्ञ ‘कॅश’ म्हणतात. हिशेब शाखेने या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. येथे रोकड अभिप्रेत नाही.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन व त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी १९९८ साली अकमाई ही कंपनी स्थापन केली व या कल्पनेस व्यापारी रूप दिले. आज क्लाउडफ्लेअर, फास्टली इत्यादी अनेक कंपन्या या क्षेत्रात आहेत.

या व्यवस्थेचा एक लाभ अंतराचा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत येण्यास सेकंदाचा आठवा भाग तरी हवाच. त्यात कोणतीही कंपनी सवलत मिळवून देऊ शकत नाही. सुरक्षित पान उघडताना अशा दोन-तीन फेऱ्या होतात. न्यू जर्सीत राहून गावाकडील जमिनीचा सातबारा पाहणाऱ्या मराठी माणसास म्हणूनच जवळच्या केंद्राचा उपयोग जाणवतो. परंतु आपल्या राज्यातील शासकीय संकेतस्थळांचे बहुसंख्य वाचक राज्यातच आहेत व सर्व्हरही बहुधा देशातच आहेत. आपल्या दृष्टीने अंतर हा गौण प्रश्न असून गर्दी हा मुख्य प्रश्न आहे.

गर्दीचे गणित साधे आहे. समजा, संकेतस्थळाचे पहिले पान चित्रांसह दोन मेगाबाइटचे आहे व ते एका तासात पंधरा लाख लोकांनी उघडले. एकूण तीस लाख मेगाबाइट, म्हणजे दर सेकंदास आठशेहून अधिक मेगाबाइट पाठवावे लागतील. सामान्य सर्व्हरला व त्याच्या वाहिनीला हे पेलत नाही. हेच पान अर्ध्या मेगाबाइटचे केले तर भार चतुर्थांश होतो. यास्तव सिद्धतेचा आरंभ पाने हलकी करण्यापासून व्हावयास हवा. मान्यवरांची मोठमोठी छायाचित्रे, एका पानाच्या परिपत्रकाची वीस मेगाबाइटची स्कॅन केलेली प्रत, कोणी वाचत नसलेली सरकती पट्टी यांना कात्री लावण्यास कोणत्याही कंपनीशी करार करावा लागत नाही. जाळ्याचे शुल्कही पुष्कळदा वाहून नेलेल्या माहितीच्या वजनावर आकारले जाते, ही गोष्ट वेगळीच. शिवाय जाळे लावले तरी वाचकाच्या मोबाइलपर्यंतचा अखेरचा टप्पा तसाच राहतो. दुर्गम गावातील क्षीण संपर्कावर दोन मेगाबाइटचे पान जाळ्यातून आले तरी जडच ठरते.

जे जाळ्याला करता येत नाही

निकालाच्या पानावर विद्यार्थी आपला बैठक क्रमांक व आईचे नाव भरतो. बोधचिन्ह, रंगसंगती, कोरा नमुना या गोष्टी सर्वांसाठी सारख्याच असतात. त्या जाळ्याने द्याव्यात. परंतु भरलेला नमुना पाठविला की त्याचे उत्तर प्रत्येकासाठी वेगळे असते. ते साठवणीतून देता येत नाही. ती मागणी थेट मूळ सर्व्हरवरच जाते. अर्ज दाखल करणे, शुल्क भरणे, खात्यात प्रवेश करणे यांचेही तसेच आहे. म्हणून जाळे घेतल्यावर मूळ सर्व्हरला विश्रांती मिळेल असे धरून चालू नये. फुटकळ कामे कमी होतील. खरे काम त्यालाच करावयाचे आहे.

अमेरिकेच्या केंद्र शासनाने आरोग्य विम्यासाठी काढलेले ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले. त्याची दर्शनी पाने स्थिर स्वरूपात तयार करून अकमाईच्या जाळ्यावरून देण्याची व्यवस्था होती व तो भाग ठीक होता. पण खाते उघडणे, ओळख पडताळणे व विमा निवडणे ही मागच्या दालनातील यंत्रणा कोलमडली. पहिल्या दिवशी ज्यांची नोंदणी पूर्ण झाली, अशांची संख्या सहा होती. दर्शनी दालन कितीही सुशोभित असले तरी आतील टेबलावरचा कारकून एकच असेल, तर रांग तेथे लागणारच.

तेव्हा करार करण्यापूर्वी मूळ सर्व्हरवर केवळ अशा व्यक्तिगत मागण्यांचा भार किती पडेल याचा अंदाज काढून, तेवढ्या कृत्रिम मागण्या पाठवून चाचणी घ्यावी. माहितीकोशातील शोध मंद असेल तर तो आधी सुधारावा.

फलकावर काय लावावे, काय लावू नये

सिद्धतेचा सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि तो निव्वळ तांत्रिक नाही. संबंधित शाखेच्या अधिकाऱ्यांनी त्यात लक्ष घालावयास हवे. संकेतस्थळावरील प्रत्येक पानाची छाननी करून त्याची वर्गवारी करावी लागते. काही मजकूर सार्वजनिक असून क्वचित बदलतो : अर्जाचे नमुने, जुने शासन निर्णय, छायाचित्रे. काही मजकूर सार्वजनिक पण वारंवार बदलणारा असतो : मुखपृष्ठ, निविदा सूचना, पूरस्थितीचे इशारे. आणि काही मजकूर एका व्यक्तीपुरताच असतो : तिचा अर्ज, प्रवेशपत्र, बँक खात्याचा तपशील.

मूळ सर्व्हर प्रत्येक पानासोबत काही अदृश्य सूचना पाठवीत असतो. फाइलीवर ‘तातडीचे’ किंवा ‘गोपनीय’ अशी चिठ्ठी लावावी, तशाच या असतात. त्यांपैकी ‘कॅश-कंट्रोल’ नावाच्या सूचनेत ही प्रत किती सेकंद ठेवावी हे सांगता येते. ८६,४०० म्हणजे एक दिवस, ३०० म्हणजे पाच मिनिटे. ‘प्रायव्हेट’ असे लिहिल्यास वाचकाच्या स्वतःच्या यंत्राने प्रत ठेवावी, जाळ्याने ठेवू नये, असा अर्थ होतो. ‘नो-स्टोअर’ म्हणजे कोणीच ठेवू नये. पुष्कळ जुन्या सर्व्हरांवर यांपैकी काहीच लिहिलेले नसते. वितरण जाळे आणण्यापूर्वी या मौनाने फारसे बिघडत नव्हते. जाळे आल्यावर मात्र मूळ सर्व्हर जेथे गप्प राहतो, तेथे जाळे स्वतःच्या नियमांनी निर्णय घेते, व ते नियम आपल्या कार्यालयाची गरज पाहून केलेले नसतात.

येथे चूक झाली तर काय होते, याचे उदाहरण २५ डिसेंबर २०१५ रोजी घडले. संगणकीय खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या प्रसिद्ध दुकानावर नाताळच्या दिवशी हेतुपुरस्सर गर्दीचा हल्ला झाला. तो थोपविण्यासाठी साठवणीचे काम पाहणाऱ्या भागीदार कंपनीने नियमांत घाईने बदल केले. त्यांतील एका बदलामुळे, खात्यात प्रवेश केलेल्या ग्राहकांची खासगी पानेही सार्वजनिक प्रतींप्रमाणे साठविली गेली आणि परक्यांना दाखविली गेली. काहींचे पत्ते, ई-मेल, खरेदीचा इतिहास दुसऱ्यांच्या पडद्यावर उमटले. सुमारे ३४ हजार ग्राहकांस याची झळ पोहोचली असावी, असे चालक कंपनीने नंतर जाहीर केले. कोणी चोरी केली नव्हती. ज्याच्या त्याच्या हाती द्यावयाचा कागद फलकावर लागला होता. प्रवेशपत्रांच्या किंवा लाभार्थ्यांच्या बाबतीत असे घडल्यास काय प्रसंग ओढवेल, हे निराळे सांगावयास नको.

याच संदर्भात दोन बारीक गोष्टी आहेत. पानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे अर्ज क्रमांक येत असेल, तर जाळ्याने तो क्रमांकही पत्त्याचाच भाग मानला पाहिजे. तो वगळण्याचा नियम चुकून लागल्यास पहिल्या अर्जदाराचे पान पुढील सर्वांना मिळेल. दुसरे असे की, अनेक संकेतस्थळे प्रत्येक आगंतुकास, तो केवळ सूचना वाचण्यास आला असला तरी, ‘कुकी’ नावाचे ओळखचिन्ह देतात. अशी पाने जाळी बहुधा साठवीतच नाहीत. मग पैसे देऊनही सर्व भार मूळ सर्व्हरवरच राहतो. आणि बळेच साठविण्याचा नियम केला, तर एकाचे ओळखचिन्ह दुसऱ्याच्या हाती जाण्याचा धोका. तेव्हा सार्वजनिक पानांवरून हे ओळखचिन्ह आधीच काढून टाकावे.

शिळ्या प्रतीचा प्रश्न

निर्णयात दुरुस्ती झाली की शुद्धिपत्रक निघते. पण ते गावोगाव पोहोचेपर्यंत फलकावर जुनाच मजकूर असतो. अर्जाची मुदत वाढविल्यावर किंवा परीक्षा केंद्र बदलल्यावर ‘आमच्याकडे जुनीच तारीख दिसते’ अशी तक्रार एखाद्या मुख्याध्यापकाने किंवा सरपंचाने केली, तर तिची टिंगल न करता ही शक्यता तपासावी. मुखपृष्ठ व सूचना यांची साठवण मिनिटांत मोजावी. शैलीच्या व चित्रांच्या फाइली वर्षभर ठेवण्यास हरकत नाही, मात्र त्या बदलताना जुन्याच नावाने बदलू नयेत. नव्या नावाने ठेवाव्यात, म्हणजे जुन्या प्रतीशी गल्लत होत नाही. सर्व केंद्रांवरील प्रत तत्काळ रद्द करण्याची सोय जाळ्यात असते. तिचा अधिकार रजेच्या दिवशीही उपलब्ध असेल अशा दोन व्यक्तींकडे तरी असावा.

साठवण चुकांचीही होते. ‘दुरुस्तीचे काम चालू आहे’ हे पान अनेक सर्व्हर यशस्वी उत्तराच्या, म्हणजे २०० या संकेतांकाने पाठवितात. जाळे त्यालाच खरे पान समजून ठेवते, आणि दुरुस्ती संपल्यावरही लोकांना तीच पाटी दिसत राहते. अशा पानासोबत ५०३ हा संकेतांक गेला पाहिजे.

पाहुण्यांची ओळख, कुलूप आणि मागचे दार

जाळे मध्ये आले की मूळ सर्व्हरकडे येणारी प्रत्येक मागणी जाळ्याच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसते. एकाच पत्त्यावरून अतोनात मागण्या येतात असे पाहून सर्व्हरचा पहारेकरी त्या पत्त्यास बंदी घालतो. परिणामी, बंदी पडते ती जाळ्यावर, म्हणजे सर्व जनतेवर. जाळे खऱ्या आगंतुकाचा पत्ता सोबतच्या सूचनेत पाठविते. तो वाचण्यास सर्व्हरला शिकवावे लागते. तथापि ही सूचना कोणीही खोटी लिहू शकतो. म्हणून जाळ्याच्या जाहीर केलेल्या पत्त्यांवरून आलेली सूचनाच ग्राह्य धरावी.

संकेतस्थळाच्या पत्त्याजवळ दिसणारे कुलूप हे वाचक व वितरण केंद्र यांच्यामधील वाटेची ग्वाही देते. केंद्रापासून मूळ सर्व्हरपर्यंतची वाट उघडी ठेवण्याचीही सोय काही जाळ्यांत असते. ती घेऊ नये. नागरिकास कुलूप दिसावे आणि त्याचा आधार क्रमांक अर्ध्या वाटेवर उघडा जावा, हे विश्वासास धरून नाही. शिवाय मूळ सर्व्हर ‘सुरक्षित मार्गानेच या’ असे सांगत असेल व जाळे उघड्या मार्गानेच जात असेल, तर एक जण दुसऱ्याकडे पाठवीत राहतो व पान कधीच उघडत नाही. यासाठी मूळ सर्व्हरवरही मुदतीतील वैध प्रमाणपत्र असावे आणि जाळ्याने ते पडताळावे.

मूळ सर्व्हरचा अंकीय पत्ता पूर्वी सर्वांना ठाऊक होता व जुन्या नोंदी जपून ठेवणारे लोक जगात आहेत. मुख्य दारावर जाळ्याचा पहारा बसविला आणि मागचे दार सताड उघडे ठेवले, तर हल्ला करणारा मागूनच येईल. जाळ्याच्या पत्त्यांखेरीज इतर कोणासही वेबचे दार उघडू नये, असा बंदोबस्त करावा. हा बंदोबस्त मात्र स्थलांतर पूर्ण झाल्यावरच करावयाचा आहे. आधी केला तर जुन्या मार्गाने येणारे वाचक बाहेर राहतील.

नोंदवहीतील बदल

संकेतस्थळाचे नाव व सर्व्हरचा पत्ता यांची सांगड डीएनएस नावाच्या नोंदवहीत असते. प्रत्यक्ष बदल तेथेच होतो. प्रत्येक नोंदीस एक मुदत असते आणि तोवर जगभरचे संगणक जुनीच नोंद धरून चालतात. ही मुदत एक दिवसाची असेल तर ती किमान एक दिवस आधी पाच मिनिटांवर आणावी; म्हणजे बदल लवकर लागू होतो आणि, याहून महत्त्वाचे, काही बिनसल्यास पाच मिनिटांत मागे येता येते. संपूर्ण नोंदवहीच जाळ्याच्या कंपनीकडे न्यावयाची असेल, तर मात्र वरच्या स्तरावरील नोंदींना दोन दिवसही लागू शकतात. तोवर जुनी नोंदवही व जुना सर्व्हर दोन्ही चालू ठेवावीत.

नोंदवही हलविताना सर्व नोंदी उतरवून घ्याव्यात. एका कार्यालयात प्रस्तुत लेखकाने हा प्रकार जवळून पाहिला आहे. संकेतस्थळ नव्या व्यवस्थेवर गेले, पाने झपाट्याने उघडू लागली, सर्वांनी समाधान व्यक्त केले. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ध्यानात आले की दोन दिवसांत कार्यालयाच्या पत्त्यावर एकही ई-मेल आलेला नाही. टपालाची, म्हणजे एमएक्स ही नोंद उतरवून घेण्याची राहिली होती. त्या दोन दिवसांत आलेल्या अर्जदारांच्या शंकांचे काय झाले, याचा हिशेब कोणापाशीच नव्हता.

बदलाचा दिवस

प्रथम दिवशी सर्व केंद्रे रिकामी असतात. प्रत नसल्यामुळे प्रत्येक केंद्र मूळ सर्व्हरकडे धाव घेते व भार काही काळ वाढल्यासारखा भासतो. निकालाच्या आदल्या दिवशी जाळे लावणे म्हणूनच अविचाराचे आहे. किमान दोन-तीन आठवडे आधी, कमी वर्दळीच्या वारी व वेळी हा बदल करावा. नोंदवही बदलण्यापूर्वी एक-दोन संगणकांपुरती तात्पुरती नोंद करून जाळ्यातून संकेतस्थळ उघडून पाहता येते. त्या वेळी दोन निरनिराळ्या खात्यांतून प्रवेश करून एकाचे पान दुसऱ्यास दिसत नाही ना, हे आवर्जून पाहावे. पानासोबत येणाऱ्या ‘एज’ या सूचनेवरून प्रत किती सेकंदांपूर्वीची आहे हेही कळते. व्यक्तिगत पानावर ही सूचना आढळली तर काम तेथेच थांबवावे.

जाळीही बंद पडतात. ८ जून २०२१ रोजी फास्टलीच्या प्रणालीतील दोषामुळे ब्रिटिश शासनाच्या मुख्य संकेतस्थळासह अनेक संकेतस्थळे बंद झाली. जाळ्याचा बहुतेक भाग पूर्ववत होण्यास ४९ मिनिटे लागली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरचा कारभार सुमारे तीन तास विस्कळीत झाला. अशा वेळी जाळे वगळून मूळ सर्व्हरवर थेट कसे यावयाचे, बंद केलेले दार कोणी उघडावयाचे, नोंदवहीचा परवलीचा शब्द कोणाकडे आहे, याचे एक पानी टिपण आधीच तयार करून छापील स्वरूपात कपाटात ठेवावे. कारण ते टिपण संकेतस्थळावरच ठेवले असेल, तर नेमके त्या वेळी उघडणार नाही.

स्थलांतरानंतर आठवडाभर मूळ सर्व्हरच्या नोंदी रोज पाहाव्यात. किती मागण्या केंद्रांनी स्वतः भागविल्या व किती मूळ सर्व्हरपर्यंत आल्या, हे प्रमाण जाळ्याच्या अहवालात मिळते. छायाचित्रांच्या व अर्जनमुन्यांच्या मागण्या अजूनही मोठ्या संख्येने मूळ सर्व्हरवर येत असतील, तर कोणती तरी सूचना लिहावयाची राहिली आहे असे समजावे. सर्व सुरळीत झाल्याची खात्री पटली, की मागचे दार बंद करावे, मूळ सर्व्हरचा अंकीय पत्ता बदलून घ्यावा, आणि नोंदवहीतील पाच मिनिटांची मुदत पुन्हा पूर्ववत करावी.